डिस्फर्लिन: स्नायूंची दुरुस्ती करणारं प्रथिन, आणि ते नसलं की काय होतं



एरवी मी इथे ॲप, बॅटरी, बॅकअप अशा विषयांवर लिहितो. आजचा विषय थोडा वेगळा आहे.

माझा मावसभाऊ पोलीस भरतीची तयारी करत होता. रोज पहाटे मैदानावर, सोळाशे मीटरचा सराव. विसाव्या वर्षी त्याची वेळ सुधारायची सोडून वाढायला लागली. अकॅडमीतले सर म्हणाले, दम कमी पडतोय, खुराक वाढव. खुराक वाढवला, पण पाय काही ऐकेनात. नेमका आजार कळायला तीन वर्षं लागली, आणि त्यातला बराच काळ चुकीच्या औषधांवर गेला. शेवटी जो जनुकीय रिपोर्ट आला त्यात एक शब्द होता: डिस्फर्लिन. तो मी बसल्या बसल्या मोबाइलवर शोधला. इंग्रजीत भरपूर सापडलं, पण मावशीला वाचायला देता येईल असं मराठीत काहीच हाती लागलं नाही. म्हणून हा लेख.

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. इथे दिलंय ते समजून घेण्यासाठी आहे. उपचार डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यायचे.

थोडक्यात माहिती

- प्रथिन: डिस्फर्लिन, लांबी २,०८० अमिनो आम्लं
- जनुक: डीवायएसएफ, दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्रावर
- मुख्य काम: स्नायुपेशीच्या आवरणाला पडलेली फट बुजवणं
- जनुकाचा शोध: १९९८. कामाचा उलगडा: २००३
- बिघाड झाल्यास होणारे आजार: मियोशी मायोपॅथी आणि लिंब गर्डल मस्क्युलर डिस्ट्रॉफी २बी (नव्या यादीत आर२). दोन्हींना मिळून डिस्फर्लिनोपॅथी म्हणतात
- सुरुवातीचं वय: बहुतेकदा पंधरा ते तीसच्या दरम्यान
- मुळावर इलाज: अजून मान्यता मिळालेलं औषध नाही, संशोधन चालू आहे

स्नायू रोजच फाटतात

कधी गड चढून उतरलात? चढताना दम लागतो, पण दुसऱ्या दिवशी मांड्या दुखतात त्या मुख्यतः उतरल्यामुळे. उतरताना स्नायू आकसायचा प्रयत्न करत असतो आणि त्याच वेळी शरीराचं वजन त्याला ताणत असतं. या ओढाताणीत स्नायुपेशींच्या आवरणाला बारीक बारीक चिरा पडतात. जिममध्ये वजन हळूहळू खाली सोडतानाही हेच होतं.

म्हणजे तब्येतीने धडधाकट माणसाचे स्नायूही रोज थोडे थोडे फाटत असतात. आपल्याला ते कळत नाही, कारण दुरुस्ती लगेच होते. निरोगी स्नायू म्हणजे कधीच न फाटणारा स्नायू नव्हे, तर फाटल्यावर लगेच सांधला जाणारा स्नायू. हा एक मुद्दा लक्षात ठेवला तर पुढचं सगळं सोपं जाईल.

फट पडल्यावर आत काय घडतं?

पेशीचं आवरण म्हणजे चरबीच्या रेणूंचा अतिशय पातळ दुहेरी थर. त्याच्या बाहेर कॅल्शियम भरपूर असतं आणि आत अगदी नगण्य. फरक साधारण दहा हजार पटींचा. त्यामुळे चीर पडली की कॅल्शियम धो धो आत शिरतं.

ही घटना एकाच वेळी धोका आहे आणि धोक्याची घंटाही. कॅल्शियम आत आलं म्हणजे कुठेतरी भिंत फुटली, हे पेशीला समजतं, आणि दुरुस्तीची यंत्रणा त्या जागेकडे धावते. फट वेळेत बुजली तर जादा कॅल्शियम बाहेर काढलं जातं आणि काम पूर्ववत सुरू. बुजली नाही तर तेच कॅल्शियम आतली प्रथिनं तोडणारी विकरं चालू करतं, ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकाँड्रियांवर ताण आणतं, आणि शेवटी तो स्नायुतंतू मरतो.

डिस्फर्लिन नेमकं काय करतं?

पेशीच्या आत आवरणाच्याच मालाच्या छोट्या छोट्या पिशव्या असतात. फट पडली की या पिशव्या तिथे गोळा होतात, एकमेकींना आणि फाटलेल्या कडांना चिकटतात आणि ठिगळ तयार होतं. पंक्चरवाला ट्यूबवर रबराचा तुकडा बसवतो, तसंच. फरक इतकाच की इथे ठिगळ आणि ट्यूब एकाच मालाचे असल्याने दोन्ही एकजीव होतात.

हे चिकटवण्याचं काम कॅल्शियम आल्यावरच व्हायला हवं, नाहीतर पिशव्या वाटेल तिथे चिकटतील. इथे डिस्फर्लिन कामाला येतं. त्याचं शेपूट पटलात रुतलेलं असतं आणि बाकी लांबलचक भाग पेशीच्या आत असतो. त्या भागावर सी२ नावाचे सात तुकडे असतात, जे कॅल्शियम आणि चरबीच्या रेणूंना धरतात. आमच्या भाषेत सांगायचं तर कॅल्शियम हा ट्रिगर, आणि डिस्फर्लिन तो ऐकून पिशव्या जोडायला लावणारा घटक.

ते एकटं काम करत नाही. ॲनेक्झिन नावाची प्रथिनं फटीवर झाकण धरतात. एमजी५३ नावाचं प्रथिन पिशव्या जखमेकडे आणायला मदत करतं, हे २००९ मध्ये दाखवलं गेलं. म्हणजे सगळी टीम आहे, पण डिस्फर्लिन गैरहजर असलं की काम अडतं.

शोध कसा लागला?

१९९८ मध्ये ब्रिटनमधलं न्यूकॅसल आणि अमेरिकेतलं बोस्टन, इथल्या दोन गटांनी जवळपास एकाच वेळी हे जनुक शोधलं. एक गट लिंब गर्डल डिस्ट्रॉफीचा माग काढत होता, दुसरा मियोशी मायोपॅथीचा. दोघांच्या हाती लागलं ते एकच जनुक. वेगळे समजले जाणारे दोन आजार एकाच बिघाडाची दोन रूपं निघाली.

नावामागची गोष्ट मजेशीर आहे. या जनुकाचं सर्वात जवळचं ओळखीचं नातेवाईक होतं एका सूक्ष्म कृमीतलं फर-१ हे जनुक. ते बिघडलं की त्या कृमीच्या शुक्रपेशींतल्या पिशव्या आवरणाशी जोडल्या जात नाहीत आणि तो वांझ राहतो. डिस्ट्रॉफीतलं ‘डिस’ आणि फर-१ वरून ‘फर्लिन’, असं मिळून डिस्फर्लिन. पिशव्या जोडण्याशी याचा काहीतरी संबंध असावा, हा इशारा नावातच होता.

पुरावा २००३ मध्ये आला. आयोवा विद्यापीठातल्या केव्हिन कॅम्पबेल यांच्या प्रयोगशाळेत डिंपल बन्सल आणि सहकाऱ्यांनी उंदराचे स्नायुतंतू घेतले, ते एका चमकणाऱ्या रंगाच्या द्रावणात ठेवले आणि लेझरने त्यांच्या आवरणाला छोटं भोक पाडलं. साध्या उंदराच्या स्नायूत रंग थोडा आत शिरला आणि साधारण मिनिटभरात थांबला. भोक बुजलं होतं. डिस्फर्लिन नसलेल्या उंदराच्या स्नायूत रंग आत शिरतच राहिला. मग द्रावणातलं कॅल्शियम काढून टाकलं, तर साध्या उंदराच्या स्नायूलाही भोक बुजवता येईना. कॅल्शियमही हवं आणि डिस्फर्लिनही, हे असं सिद्ध झालं.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. डिस्फर्लिनचं काम एवढ्यावरच संपत नाही. फ्रेंच संशोधकांनी उंदरांना या प्रथिनाची छोटी आवृत्ती दिली, तेव्हा भोकं बुजायला लागली, पण स्नायूंचा आजार काही सुधारला नाही. हे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालं. स्नायूच्या आतल्या बारीक नळ्यांमध्ये कॅल्शियमचा तोल राखण्यातही डिस्फर्लिनचा हात असतो, असं आता दिसतंय.

डिस्ट्रोफिन वेगळं, डिस्फर्लिन वेगळं

नावं सारखी असल्याने इथे हमखास गोंधळ होतो. मस्क्युलर डिस्ट्रॉफी म्हटलं की बहुतेकांना ड्युशेन आठवतो. तो डिस्ट्रोफिनच्या अभावाने होतो. ते प्रथिन १९८७ मध्ये सापडलं. त्याचं जनुक एक्स गुणसूत्रावर असल्याने आजार प्रामुख्याने मुलग्यांना होतो, आणि लक्षणं लहानपणीच दिसतात.

फोनची उपमा घ्या. डिस्ट्रोफिन म्हणजे कव्हर. ते नसलं तर काच वारंवार फुटते. डिस्फर्लिन म्हणजे रिपेअरवाला. तो नसला तर काच नेहमीइतकीच फुटते, पण फुटलेली तशीच राहते. म्हणूनच हा आजार बालपणी फारसा जाणवत नाही. न झालेल्या दुरुस्त्या साठत जातात आणि ऐन तारुण्यात हिशेब पुढे येतो. मुलं आणि मुली दोघांनाही तो होतो.

लक्षणं काय असतात?

- मियोशी प्रकारात सुरुवात पोटऱ्यांपासून होते. चवड्यांवर उभं राहता येत नाही, उडी मारता येत नाही, पळण्याचा वेग पडतो.
- लिंब गर्डल प्रकारात आधी मांड्या आणि कंबरेचे स्नायू जातात. जमिनीवरून उठताना, जिना चढताना आधार लागतो.
- पुढे दोन्ही प्रकार एकमेकांसारखे दिसू लागतात. बऱ्याच वर्षांनंतर अनेकांना व्हीलचेअर लागते.
- हृदय आणि श्वासाचे स्नायू ड्युशेनच्या तुलनेत बरेच वाचतात. तरी तपासणी अधूनमधून करावी लागते.

चकवणारी गोष्ट अशी की यातले बरेच रुग्ण आजारापूर्वी खेळात चांगले असतात. माझा भाऊ शाळेच्या खो-खो संघात होता. त्यामुळे ‘याला काय होणार’ असंच सगळ्यांना वाटत राहिलं.

निदान कुठे चुकतं?

हा भाग नीट वाचा, कारण वेळ इथेच वाया जातो.

पहिली चूक यकृताची. भावाच्या रक्त तपासणीत एसजीओटी आणि एसजीपीटी वाढलेले आले. त्याला यकृताचा त्रास आहे असं सांगितलं गेलं. तेल-तूप बंद, गोळ्या चालू, वर कुणीतरी काविळीचं झाडपाल्याचं औषधही दिलं. यात सात-आठ महिने गेले. खरं तर ही दोन्ही विकरं स्नायूंतही असतात. स्नायू मरायला लागले की ती रक्तात येतात, यकृत ठणठणीत असलं तरीही.

अशा वेळी आणखी एक साधी रक्त तपासणी करायची असते: सीके, म्हणजे क्रिएटिन कायनेज. काही लॅब तिला सीपीके म्हणतात. ती स्नायूंच्या नुकसानीवर थेट बोट ठेवते. पुरुषांत ती साधारण दोनशेच्या आसपास किंवा त्याहून कमी असते, लॅबप्रमाणे थोडा फरक पडतो. या आजारात ती दहापट ते शंभरपटही वाढू शकते. भावाची नऊ हजार आली.

दुसरी चूक सुजेची. स्नायूचा तुकडा काढून तपासला तर त्यात प्रतिकार पेशी गोळा झालेल्या दिसू शकतात. त्यावरून पॉलिमायोसायटिस असं निदान होतं आणि स्टिरॉइड सुरू होतात. भावाचंही तेच झालं. आठ महिने स्टिरॉइड घेतले. चेहरा सुजला, वजन वाढलं, पाय आणखी ढिले पडले. जर्मनीत डिफ्लाझाकॉर्ट या स्टिरॉइडची या आजारावर रीतसर चाचणी झाली होती आणि तिचे निष्कर्ष २०१३ मध्ये आले. फायदा झाला नाही, उलट ताकद कमी होण्याकडे कल दिसला.

खात्रीचा मार्ग म्हणजे रक्तातून जनुकीय तपासणी. शिवाय डिस्फर्लिन रक्तातल्या मोनोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशींतही असतं, त्यामुळे काही प्रयोगशाळा प्रथिन आहे की नाही हे रक्तातूनच पाहू शकतात. जनुकीय रिपोर्टमध्ये कधी कधी ‘अर्थ अनिश्चित’ असा शेरा येतो, तेव्हा ही दुसरी तपासणी फार कामाला येते.

आईवडील धडधाकट, मग मुलाला कसा?

प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. डिस्फर्लिनची एक प्रत चांगली असली तरी काम भागतं. अशा माणसाला वाहक म्हणतात. त्याला सहसा काही त्रास होत नाही. दोन वाहकांचं लग्न झालं तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता चारात एक, वाहक होण्याची चारात दोन आणि पूर्ण मोकळं असण्याची चारात एक.

माझ्या मावशीचं लग्न तिच्या सख्ख्या आत्याच्या मुलाशी झालंय. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न करायची पद्धत अनेक समाजांत आहे, त्यात वावगं असं कुणाला वाटत नाही. पण नवरा-बायकोचे आजी-आजोबा एकच असले की एकच दुर्मीळ बिघाड दोघांकडे पोचलेला असण्याची शक्यता वाढते. भावाच्या रिपोर्टमध्ये दोन्ही प्रतींत अगदी तोच बदल होता. मावशी कितीतरी महिने स्वतःला बोल लावत होती. पण हा बिघाड कुणी केलेला नाही, आणि तो दिसणारी तपासणी त्या काळी नव्हतीच.

मग मी हिशेब मांडला. बदल आमच्या आजोबांकडून आलेला. म्हणजे माझ्या आईकडे तो असण्याची शक्यता दोनात एक आणि माझ्याकडे चारात एक. मी तेवढ्या एकाच बदलाची तपासणी करून घेतली. मी वाहक निघालो. मला काहीही त्रास नाही, पुढेही होईल असं नाही. पण घरात मामाच्या मुलीवरून जी चेष्टा चालायची ती थांबली, कारण तिच्याकडेही तो असण्याची शक्यता चारात एकच. मामाला मी कागदावर चौकोन काढून समजावलं. तो आधी रागावला, मग म्हणाला, “पोरीची तपासणी कुठे करायची ते सांग.”

उपचार कुठवर आलेत?

सरळ विचार असा: जनुक बिघडलंय ना, मग चांगलं जनुक आत पाठवा. त्यासाठी एएव्ही नावाचा निरुपद्रवी विषाणू पार्सलसारखा वापरतात. अडचण आहे आकाराची. या विषाणूत साधारण ४,७०० अक्षरांचा डीएनए मावतो. डिस्फर्लिनची २,०८० अमिनो आम्लं, प्रत्येकाला तीन अक्षरं, म्हणजे नुसता मजकूरच ६,२४० अक्षरांचा. ईमेलची मर्यादा २५ एमबी आणि फाइल ३५ एमबीची, तसली गत.

उपायही आपण करतो तसाच: फाइलचे दोन भाग करायचे, दोन विषाणूंतून पाठवायचे आणि पेशीत जोडायचे. अशा दुहेरी पद्धतीची पहिली छोटी चाचणी २०१६ मध्ये अमेरिकेत ओहायोमधल्या नेशनवाइड चिल्ड्रन्स हॉस्पिटलमध्ये हाती घेतली गेली, पावलावरच्या एका लहान स्नायूत इंजेक्शन देऊन. ती सुरक्षितता पाहण्यासाठी होती, बरं करण्यासाठी नव्हे.

आशा वाटावी अशी एक बातमी डिस्फर्लिनच्या भावंडाकडून आली. ओटोफर्लिन हे त्याच कुटुंबातलं प्रथिन कानात काम करतं आणि ते बिघडलं की जन्मतः बहिरेपण येतं. त्याचंही जनुक एका विषाणूत मावत नाही. चीनमध्ये सहा मुलांना ते दोन भागांत देण्यात आलं आणि पाच जणांना ऐकू येऊ लागलं, हे २०२४ मध्ये प्रसिद्ध झालं. म्हणजे दोन भाग जोडण्याची युक्ती माणसात चालते. पण कानातल्या मूठभर पेशी आणि संपूर्ण शरीरभरचे स्नायू यात फार अंतर आहे. शरीराच्या वजनाचा मोठा वाटा स्नायूंचा असतो, तेवढ्या सगळ्यांपर्यंत पार्सल पोचवायचंय.

मग आत्ता काय करायचं?

- रिपोर्टमध्ये एसजीओटी-एसजीपीटी वाढलेले असतील आणि सोबत पाय कमजोर वाटत असतील, तर डॉक्टरांना विचारा: “सीके करून बघायची का?”
- सीके जोरदार व्यायामानंतर निरोगी माणसातही वाढते. आठवडाभर विश्रांती घेऊन पुन्हा करा, लगेच घाबरू नका.
- स्टिरॉइड चालू असतील तर मनाने अचानक बंद करू नका, ते धोक्याचं असतं. डॉक्टरांशी बोलून कमी करायचे असतात.
- निदान झालं असेल तर जड वजनं, उड्या, उतारावरचं पळणं टाळा. हलका व्यायाम आणि ताठरपणा टाळणारी फिजिओथेरपी चालते.
- स्टेम सेलच्या जाहिरातींपासून लांब राहा. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रक्ताच्या काही ठरावीक आजारांखेरीज हा उपचार रीतसर चाचणीबाहेर करता येत नाही. लाखो रुपये घेऊन कुणी देत असेल तर तो प्रयोग आहे, तोही तुमच्या खर्चाने.
- २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मस्क्युलर डिस्ट्रॉफीचा स्वतंत्र उल्लेख आहे. यूडीआयडी कार्डसाठी स्वावलंबन पोर्टलवर मोबाइलवरूनही अर्ज भरता येतो.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*प्रोटीन पावडर घेतली तर डिस्फर्लिन वाढेल का?* नाही. खाल्लेलं प्रथिन पोटात सुटं होतं. डिस्फर्लिन पेशीत जनुकाच्या आराखड्यावरून बनतं. आराखडाच चुकला असेल तर कच्चा माल वाढवून उपयोग नाही.

*चवड्यांवर उभं राहता येत नाही, म्हणजे हाच आजार का?* नाही. दुखापत, नसांचा त्रास अशी कितीतरी कारणं असतात. ताकद महिन्यामहिन्याने उतरत असेल तर दाखवून घ्या.

*हा आजार संसर्गाने होतो का?* अजिबात नाही.

माझा भाऊ आता पंचवीसचा आहे. घोट्यांना आधारपट्ट्या लावतो, जिन्याला कठडा धरतो. तालुक्याला ऑनलाइन फॉर्म भरायचं छोटं सेंटर चालवतो. भरती निघाली की त्याच्याकडे रांग लागते. आलेल्या पोरांपैकी कुणी म्हणालं की पळताना पोटऱ्याच साथ देत नाहीत, तर फॉर्म भरता भरता तो दोन प्रश्न जास्तीचे विचारतो.

हा लेख तुमच्या भरतीच्या, जिमच्या ग्रुपवर टाका. बहुतेकांना याची कधीच गरज पडणार नाही. एखाद्याला पडली, तर त्याची तीन वर्षं वाचतील.